उपग्रहाला पाण्याखालचा खडक दिसतो का?

गेल्या खेपेला या सदरात उपग्रहावरून उसाचे आणि गव्हाचे क्षेत्र कसे मोजतात ते आपण पाहिले. त्यावर बरीच पत्रे आली. त्यांतले एक जरा वेगळे होते. पत्र लिहिणाऱ्या भगिनींचे सासर घाटावर आणि माहेर कोकणात. त्यांचा भाऊ होडीवर जातो. दोन वर्षांपूर्वी खाडीच्या तोंडाशी पाण्याखालच्या खडकाला लागून होडी फुटली. माणसे वाचली, जाळी आणि इंजिन गेले, कर्ज मात्र राहिले. त्या विचारतात, "आकाशातून आमच्या बांधावरचा ऊस दिसतो, तर भावाच्या होडीखालचा खडक का दिसत नाही?"

प्रश्न चोख आहे. उत्तर मात्र एका शब्दात देता येणार नाही. खडक दिसतो, पण सगळीकडे दिसत नाही. आणि दिसला तरी तो किती खोल आहे हे उपग्रह आपल्या मनाने सांगू शकत नाही.

आपल्या मळ्यातला हौद डोळ्यांपुढे आणा. पाणी निवळशंख असले की तळाला पडलेली वाटीसुद्धा दिसते. पोरांनी आत उतरून पाणी ढवळले की वीतभर खालचे दिसत नाही. उपग्रहाची गत काही वेगळी नाही. तोसुद्धा सूर्याच्या उजेडावरच पाहतो. उजेड पाण्यात शिरतो, तळाला लागतो, परत वर येतो आणि मग आकाशातल्या कॅमेऱ्यात पोहोचतो.

आता यातली खुबी पाहा. सूर्याच्या उजेडात इंद्रधनुष्याचे सगळे रंग मिसळलेले असतात, पण पाणी सगळ्या रंगांना सारखी वाट देत नाही. तांबडा रंग पाचएक मीटर खाली जाऊन परत येईपर्यंत जवळपास संपून जातो. हिरवा त्याच्या कितीतरी पुढे जातो. स्वच्छ समुद्रात निळा सगळ्यांत खोल जातो. म्हणून तर खोल समुद्र निळा दिसतो. तांबड्याच्याही पलीकडचा एक उजेड आहे, तो आपल्या डोळ्यांना दिसत नाही, त्याला अवरक्त म्हणतात. तो तर हातभर पाण्यातच विरतो. म्हणून अवरक्त चित्रात पाणी कोळशासारखे काळे दिसते आणि किनाऱ्याची रेघ अगदी स्पष्ट उमटते.

उपग्रहावरचा कॅमेरा या रंगांची वेगवेगळी चित्रे घेतो. एखाद्या जागी तांबड्या चित्रातही तळ दिसला तर पाणी उथळ. तांबड्यात दिसला नाही पण हिरव्यात दिसला, तर पाणी त्याहून खोल. हिरव्यातही अंधार आणि निळ्यात थोडी झाक, तर आणखी खोल. समुद्राची खोली उजेडाने मोजण्याची युक्ती ती एवढीच.

पण एवढे करून हाती येते ते उजेडाचे कमीजास्तपण. त्याला खोली म्हणता येत नाही. तराजू आहे, वजने नाहीत, अशी ती अवस्था असते. इतका उजेड म्हणजे इतके मीटर, हे कोणीतरी पाण्यात उतरून एकदा ठरवून द्यावे लागते.

हे काम १९७५ साली झाले. अमेरिकेच्या 'नासा' या अवकाश संस्थेने १९७२ साली 'लँडसॅट' मालिकेतला पहिला उपग्रह सोडला होता. तो मुख्यतः जमीन, पिके, जंगल पाहण्यासाठी होता. साधारण नऊशे किलोमीटर उंचीवरून तो फिरे आणि अठरा दिवसांनी पुन्हा त्याच जागेवर येई. त्याची चित्रे पाहताना लोकांच्या ध्यानात आले की अमेरिकेजवळच्या बहामा बेटांभोवती पाण्याखालचे वाळूचे पट्टेसुद्धा उमटले आहेत. तिथले पाणी काचेसारखे आणि तळाची वाळू पांढरीशुभ्र. मग नासाने फ्रान्सचे जगप्रसिद्ध समुद्रसंशोधक जाक कूस्तो यांना बरोबर घेतले. कूस्तो यांचे 'कॅलिप्सो' हे जहाज आणि दुसरे एक संशोधनाचे जहाज, अशी दोन जहाजे आठ दिवस रोज रात्री एकमेकांच्या पुढे जात राहिली. सकाळी लँडसॅट डोक्यावरून जाताना त्याच्या वाटेखाली नेमके हजर असावे, एवढ्यासाठी ही धडपड. वर उपग्रह चित्र घेतो आहे, आणि खाली पाणबुडे पाण्यात उतरून उजेड आणि खोली मोजत आहेत, असा तो प्रयोग होता.

निष्कर्ष असा निघाला की पाणी स्वच्छ आणि तळ उजळ असेल, तर लँडसॅटच्या चित्रावरून बावीस मीटरपर्यंतची खोली सांगता येते. बावीस मीटर म्हणजे बहात्तर फूट, कोळ्यांच्या मापाने बारा वाव. नऊशे किलोमीटरवरून बारा वाव पाण्याचा तळ! त्या उपग्रहाच्या कॅमेऱ्यात निळा रंग टिपण्याची सोयही नव्हती, सगळे काम हिरव्यावर भागवले, हे लक्षात घेतले म्हणजे या कामाची किंमत कळते.

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला? जहाजातून खोली मोजता येत नाही का? येते, आणि उपग्रहापेक्षा अचूक येते. पूर्वी शिशाचा गोळा दोरीला बांधून पाण्यात सोडत आणि दोरी किती वाव गेली ते मोजत. पुढे आवाजाचे यंत्र आले. ते खाली आवाज सोडते आणि प्रतिध्वनी परत यायला किती वेळ लागला त्यावरून खोली काढते. हल्लीची यंत्रे एका वेळी पंख्यासारखा रुंद पट्टा मोजतात. पण या पट्ट्याची रुंदी खोलीवर ठरते. पाणी शंभर मीटर खोल असेल तर तीन-चारशे मीटरांचा पट्टा एका फेरीत उरकतो. पाणी पाच मीटर असेल तर पट्टा उरतो पंधरा-वीस मीटरांचा. म्हणजे मोठा ट्रॅक्टर घरी ठेवून शंभर एकरांचे रान लाकडी नांगराने तासातासाने नांगरण्यासारखे झाले. त्यात उथळ पाण्यात मोजणारी होडीच खडकाला लागण्याची भीती. म्हणून किनाऱ्याजवळचे उथळ पाणी, जिथे माणसाचा वावर सगळ्यांत जास्त, नेमके तेच मोजायचे मागे राहते. कित्येक देशांचे किनाऱ्याचे नकाशे अजूनही त्या शिशाच्या गोळ्याच्या काळातले आहेत.

उपग्रह उपयोगी पडतो तो इथे. मालदीवच्या दक्षिणेला हिंदी महासागरात चागोस नावाचा द्वीपसमूह आहे. तिथे लँडसॅटच्या चित्रांत एक असा प्रवाळाचा खडक सापडला की जो कुठल्याही नकाशात नव्हता. तो पूर्ण पाण्याखाली आहे. उपग्रहाच्या चित्रांवरून नकाशे करण्यासाठी झटलेले अमेरिकन नकाशाशास्त्रज्ञ कॉल्व्होकोरेसेस यांचे नाव त्या खडकाला दिले गेले.

दुसरी गोष्ट कॅनडाची, आणि ती सांगितल्यावाचून राहवत नाही. तिथल्या लॅब्राडोर किनाऱ्यापासून वीसेक किलोमीटरवर एक चिमुकले बेट १९७३ सालच्या लँडसॅट चित्रात दिसले. बेटी फ्लेमिंग या बाईंनी १९७६ साली ते हेरले. बेट अवघे पंचवीस मीटर रुंद आणि पंचेचाळीस मीटर लांब, म्हणजे आपल्याकडच्या अकरा-बारा गुंठ्यांचे. गंमत अशी की त्या वेळच्या उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका सुमारे ऐंशी मीटरांचा असे. बेट ठिपक्याहून लहान! पण काळ्या पाण्यात उजळ खडक असल्याने तो ठिपका शेजाऱ्यांपेक्षा उजळला आणि बाईंच्या नजरेत भरला. आता खात्री कोणी करायची? कॅनडाच्या समुद्रमापन खात्याचे फ्रँक हॉल यांना हेलिकॉप्टरमधून दोराने खाली सोडण्यात आले. खाली पाय टेकायच्या आत बेटावर बसलेल्या पांढऱ्या अस्वलाने त्यांना पंजा मारला. बर्फाच्या पार्श्वभूमीवर अस्वल कोणाला दिसलेच नव्हते. हॉल यांनी दोर हिसकावून इशारा केला आणि वरच्यांनी त्यांना वेळेवर ओढून घेतले. बेटाचे नाव पडले 'लँडसॅट बेट'. उपग्रहाला बेट दिसले, अस्वल दिसले नाही. वरून पाहण्याची आणि जागेवर जाण्याची तफावत याहून चांगली मला सांगता येणार नाही.

वरून पाहताना आणखी एक फसगत होते. तळाला पांढरी वाळू असेल तर उजेड भरपूर परततो. तळाला समुद्री गवत किंवा काळा खडक असेल तर कमी परततो. मग दोन मीटर पाण्यातले गवत आठ मीटर पाण्यातल्या वाळूइतके अंधारे दिसते, आणि नकाशा करणारा तिथे खोल पाणी आहे असे समजून बसतो. होडीवाल्याच्या दृष्टीने ही चूक सगळ्यांत घातक. काळी जमीन आणि चुनखडीची पांढरी जमीन एकाच उन्हात किती वेगळी दिसते ते तुम्हाला सांगायला नको. यावर पुढे तोड निघाली. एकट्या रंगाचा उजेड न पाहता निळ्याचे आणि हिरव्याचे परस्पर प्रमाण पाहायचे. गवत दोन्ही रंगांना साधारण सारखेच खाते, म्हणून प्रमाण फारसे बदलत नाही. पाण्याची खोली मात्र हिरव्याला जास्त खाते, म्हणून खोलीबरोबर प्रमाण बदलत जाते. २००३ सालापासून ही रीत जगभर रूढ झाली. तिनेही फसगत पुरती टळत नाही, पण बरीच कमी होते.

शिवाय भरती-ओहोटीचा हिशेब वेगळा. उपग्रहाने चित्र घेतले त्या क्षणी भरती होती की ओहोटी, हे माहीत नसेल तर सगळी खोली पुरुषभर चुकू शकते. आपल्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत पाणी किती चढते-उतरते, हे कोकणातल्या वाचकांना ठाऊकच आहे.

अलीकडे या कामात मोठी भर पडली ती लेसर किरणांची. नासाचा 'आइससॅट-२' हा उपग्रह २०१८ साली वर गेला. तो मुळात बर्फाची जाडी मोजण्यासाठी. सूर्यावर अवलंबून न राहता तो स्वतःच हिरवा किरण खाली सोडतो, एका सेकंदात दहा हजार वेळा. त्यातला थोडा उजेड पाण्याच्या पृष्ठभागावरून परततो, थोडा तळाला जाऊन परततो. दोन्हींच्या येण्यात जो किंचित वेळेचा फरक पडतो, त्यावरून खोली निघते. पाण्यात उजेडाची चाल मंदावते आणि किरण थोडा वळतो, तेवढी दुरुस्ती करावी लागते. भरलेल्या हौदाचा तळ वर आल्यासारखा दिसतो, त्यातलाच हा प्रकार. पाणी फार स्वच्छ असेल तर या किरणाने चाळीस मीटरांपर्यंत तळ लागतो. मात्र किरण एका अरुंद रेघेवरच मोजतो, मधला समुद्र मोकळा राहतो. म्हणून रेघेवरची खोली घ्यायची आणि तिच्या आधारे बाकीच्या चित्राला वजने लावायची. कूस्तो यांच्या पाणबुड्यांचे काम आता काही अंशी हा किरण करतो.

याचे आपल्याकडचे उदाहरण २०२४ सालचे. 'इस्रो'च्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी या लेसरच्या पाच वर्षांच्या मोजणीवरून रामसेतूचा पाण्याखालचा नकाशा तयार केला. धनुष्कोडीपासून श्रीलंकेतल्या तलाईमन्नारपर्यंत एकोणतीस किलोमीटर लांबीची ही उथळ रांग जवळजवळ सगळीच पाण्याखाली आहे. तिच्यात दोन-तीन मीटर खोलीच्या अकरा अरुंद वाटा असून त्यांतून दोन्ही बाजूंचे पाणी येत-जात असते, असे त्यांना आढळले. सेतू कोणी बांधला, कसा झाला, हा वेगळा विषय. हा नकाशा खोलीचा आहे, आणि त्या उथळ पाण्यात जहाज घालून मोजणे किती अवघड हे लक्षात घेता तो फार मोलाचा आहे.

आता त्या भगिनींच्या माहेरी येऊ. बहामा, लक्षद्वीप, रामसेतू या सगळ्या ठिकाणी पाणी निवळ आहे. कोकणात मुंबईपासून खाली खाडीमागून खाडी. पावसाळ्यात सह्याद्रीची लाल माती नद्यांवाटे समुद्रात उतरते, आणि पाऊस सरला तरी भरती-ओहोटी खाडीच्या तोंडाशी गाळ ढवळतच राहते. तिथे उपग्रहाला दिसतो तो गाळ, तळ नव्हे. मालवणच्या बाजूला हिवाळ्यात पाणी बरेच निवळते, बुडी मारणाऱ्यांना तळचे प्रवाळ दिसते. अशा ठिकाणी काही वावांपर्यंत ही युक्ती चालण्याजोगी आहे. पण खाडीच्या तोंडाशी, जिथे त्यांच्या भावाची होडी फुटली, तिथे नाही. हे स्पष्ट सांगितलेले बरे.

मग गढूळ पाण्यापुढे हात टेकायचे का? अगदीच तसे नाही. ओहोटीला उघडी पडणारी जमीन दुसऱ्या मार्गाने मोजता येते. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या पाणीपातळीला उपग्रहाने घेतलेली चित्रे जमवायची. प्रत्येक चित्रात पाण्याची कड कुठे आहे ती रेघ अवरक्त उजेडात स्पष्ट असते. त्या वेळी पाणी किती उंच होते ते बंदरातल्या मोजपट्टीवरून कळते. अशा रेघांवर रेघा मांडल्या की चिखलाचे आणि वाळूच्या दांड्यांचे चढउतार तयार होतात. तळ न पाहता तळाचा नकाशा! पण जो खडक ओहोटीलाही उघडा पडत नाही, त्याला हा उपाय नाही. त्याच्यासाठी आवाजाचे यंत्र लावलेली होडीच हवी. आपल्या देशात समुद्राचे अधिकृत नकाशे देहरादूनचे नौदलाचे जलालेखन कार्यालय काढते. मोठ्या बंदरांच्या वाटा पुन्हा पुन्हा मोजल्या जातात. लहान खाड्यांची पाळी उशिरा येते, आणि गाळ तर दर पावसाळ्यात जागा बदलतो. माझ्या मते उपग्रहाचा खरा उपयोग इथे आहे. कुठे दांडी सरकली, कुठे नवी उथळ जागा झाली, एवढे वरून पाहून सांगावे, म्हणजे मोजणीची होडी आधी कुठे पाठवायची ते ठरेल. सगळा किनारा मोजायला पैसा आणि होड्या पुरणार नाहीत. पण संशयाच्या पाच जागा मोजायला पुरतील.

उपग्रहाच्या चित्रावर डोळे मिटून विसंबल्याने काय होते, त्याचाही एक दाखला आहे. १७ जानेवारी २०१३ च्या पहाटे, अडीचच्या सुमारास, अमेरिकन नौदलाची 'गार्डियन' ही सुरुंग शोधणारी नौका फिलिपाइन्समधल्या तुब्बताहा या प्रवाळ खडकावर चढली. तुब्बताहा हा युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून जाहीर केलेला भाग. नौकेवरच्या संगणकातल्या नकाशात तो खडक त्याच्या खऱ्या जागेपासून आठ सागरी मैल, म्हणजे जवळजवळ पंधरा किलोमीटर दूर दाखवला होता. कारण नकाशासाठी वापरलेले उपग्रहाचे चित्र चुकीच्या जागी बसवले गेले होते. चित्र खरे होते, खडक खरा होता, फक्त जागा चुकली. ही चूक २०११ साली नकाशा करणाऱ्यांच्या ध्यानातही आली होती. एका नकाशात ती दुरुस्त झाली, दुसऱ्यात राहून गेली, आणि नौका चालली ती दुसऱ्या नकाशावर.

नौदलाच्या चौकशीत मात्र दोष नकाशावर ढकलून प्रकरण मिटवले नाही. दोन नकाशे एकमेकांशी जुळत नव्हते, दीपस्तंभ होता, यंत्रे इशारे देत होती, आणि तरी पहाऱ्यावरच्या लोकांनी पडद्यावरच्या नकाशालाच खरे मानले, असा ठपका ठेवण्यात आला. ७९ जणांची सुखरूप सुटका झाली. नौका काही निघेना. शेवटी ती जागेवरच तुकडे करून उचलावी लागली. दोन हजार तीनशे चौरस मीटरांहून अधिक प्रवाळ चिरडले गेले, आणि अमेरिकेने फिलिपाइन्सला त्याची भरपाई दिली.

आपल्याकडचे जुने तांडेल देवळाचे शिखर आणि मागचा डोंगर एका रेषेत आणून खडकाची जागा ओळखतात. त्या भगिनींनी भावाला एवढे जरूर सांगावे, की मोबाइलवर किंवा यंत्रावर नकाशा असला तरी तो कोणत्या साली, कशावरून केलेला आहे हे विचारून घे. आणि त्या खाडीतला खडक वडीलधाऱ्यांकडून एकदा शिकून घेऊन त्याची जागा आपल्या यंत्रात खूण करून ठेव. त्याची होडी जिथे फुटली ती जागा तर आता त्याला पक्की माहीत आहे. ती मत्स्यव्यवसाय खात्याला आणि बंदराच्या कचेरीला लेखी कळवावी, म्हणजे दुसऱ्या होडीवर ती वेळ येणार नाही.

पाण्याच्या कडेच्या रेघा मांडून चढउतार काढण्याची जी रीत वर सांगितली, तीच आपल्या धरणांतला गाळ मोजण्यासाठीही वापरतात. धरणात गाळ साठला की तुमच्या पाळीचे पाणी कमी होते, तेव्हा हा विषय घाटावरच्या वाचकांच्या जास्त जवळचा. तो पुढच्या खेपेला सविस्तर घेऊ. ज्यांच्या गावाजवळ धरण आहे त्यांनी उन्हाळ्यात पाणी कुठपर्यंत मागे हटते आणि पूर्वी कुठपर्यंत हटत असे, ते घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून जरूर लिहून पाठवावे.